वसंताचा फोन आणि माझं वेळापत्रक

वसंता,

गल्लीतल्या सगळ्या बऱ्यावाईट बातम्या तुझ्या फोनवरून यायच्या. कुणाचा जावई बदलून आला, कुणाची परीक्षा बुडाली, कुणाच्या घरी पाळणा हलला, सगळं आधी तुझ्या व्हरांड्यात आणि मग मुलुंडभर. तुझी बातमी तेवढी पायी आली. गावडेकाका माझ्या दाराशी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "माधवा, चल." कुठे, हे विचारायची अक्कल मला झाली नाही. मी म्हणालो, "काका, त्याला सांगा, मी अजून रागावलेलोय."

काका म्हणाले, "आता कोणाक सांगू?"

असा मी. आयुष्यभर चुकीच्या वेळी चुकीचं बोललो आणि नंतर तेच रंगवून सांगत चारचौघांत हशे मिळवले. हे वाक्य मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुलाच सांगतोय, कारण यावर हसायचा हक्क तुझा होता.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं सांगू दे. तू शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना काचसामान पुरवायचास. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, नाना तोंडांचे फ्लास्क. दुकान नव्हतं, गोदाम म्हणजे माजघरातली गवताने भरलेली खोकी. होता तो फोन, आणि आमच्या गल्लीत तो एकच होता. धंद्यासाठी घेतलास आणि बघता बघता तो सगळ्यांचा झाला. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या कागदावर लोक बिनदिक्कत तुझा नंबर घालायचे. बाहेरगावचा ट्रंक कॉल लावला की तो कधी लागेल याचा नेम नसायचा. म्हणून माणसं यायची आणि व्हरांड्यातल्या लांब बाकावर बसून राहायची. कमलवहिनी चहा टाकायच्या. बसलेली माणसं काही गप्प बसत नाहीत.

मला त्या बाकाची चीड यायची. दिवस योजनांचे होते. देशात धरणं आखली जात होती, कारखाने आखले जात होते, आणि मी सरकारी ऑफिसात बसून तक्ते आखत होतो. रकाना आडवा, रकाना उभा, बेरीज शेवटी. आणि संध्याकाळी तुझ्याकडे यावं तर हा गुंता. तारामावशी नागपूरच्या मुलाच्या कॉलची वाट बघतायत, शाळेतले सायन्सचे मास्तर बदलीची चौकशी करायला आलेत, गावडेकाका बसलेत आणि त्यांना फोन करायचाच नाहीये.

"मग आलात कशाला?" मी एकदा त्यांना विचारलं होतं.

"बाक रिकामो दिसलो म्हणान इलंय."

तुला आठवतं, तारामावशींच्या लोणच्याचं? नागपूरला पाठवलेली बरणी दर वेळी वाटेत गळायची आणि मुलगा फोनवर सांगायचा, "आई, पार्सलाच्या वासाने सगळं पोस्ट ऑफिस जेवलं." मावशी बाकावर बसून हे रडगाणं सांगत होत्या. मास्तर म्हणाले, बुचावर मेण ओता. गावडेकाका गिरणीत होते तेव्हाचं काहीतरी मेणात भिजवलेल्या कापडाचं त्यांना आठवलं. तू आतून एक रुंद तोंडाची बाटली आणलीस, कुठल्याशा कॉलेजाने नाकारलेली. नुसतं मेण तडकत होतं, नुसतं कापड पाझरत होतं, जुनी बरणी मुळातच वाकडी होती. मेण, कापड आणि तुझी बाटली एकत्र आल्यावर लोणचं नागपूरला कोरडं ठणठणीत पोचलं. आज तारामावशींचं लोणचं घाटकोपरच्या दुकानांत मिळतं आणि हाताखाली बायका आहेत.

त्यावर आपलं भांडण. मी म्हणालो, "हा शोध नेमका लावला कुणी? श्रेय कुणाच्या नावावर टाकायचं?"

"बाकाच्या."

"बाकाला बढती देता येत नाही, वश्या."

"म्हणून तर तो बरा."

मग तू नेहमीसारखा आडवळणाने आलास. "माध्या, ऑफिसात काम अडलं की तू काय करतोस?"

"तक्ता बघतो."

"आणि मग?"

"मग पलीकडच्या टेबलावरच्या साठ्याला विचारतो."

तू वहिनींना हाक मारलीस, "अगं, माधवला अजून अर्धा कप दे. त्याला आत्ता काहीतरी सुचलंय." मला काहीही सुचलेलं नव्हतं. मला राग आला होता.

तुझं म्हणणं काय ते मला समजत नव्हतं असं नाही. माणूस शिकतो तो कुणाशी तरी गाठ पडल्यावर, आणि बहुतेक वेळा आपल्याला काय विचारायचंय हेच आपल्याला माहीत नसतं, असं तुझं म्हणणं. ज्याला प्रश्नच माहीत नाही त्याला भेटीची वेळ ठरवून देऊन काय उपयोग, असं तू विचारायचास. माझ्याकडेही मुद्दा होता आणि तो तुला कधी खोडता आला नाही. रॉकेल संपणार म्हणून त्याच बाकावर कुणीतरी पुडी सोडली. सगळ्यांनी डबे भरून ठेवले आणि ते भरल्यामुळेच गल्लीच्या दुकानातलं रॉकेल खरोखर संपलं. तू सुद्धा डबा घेऊन रांगेत होतास, मी स्वतः पाहिलं. मी म्हणालो, "तुझा बाक लोणचं पोचवतो तसा मूर्खपणाही पोचवतो. आता बोल." तू डबा खाली ठेवलास, डोकं खाजवलंस आणि म्हणालास, "विचार करून सांगतो."

ते सांगायचं राहिलंच तुझं.

आता वेळापत्रकाकडे येतो. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की माझी मलाच ती पाठ झाली आहे. त्या वर्षी ऑफिसात मला बढती मिळाली नाही. माझ्या खालच्याला मिळाली. मी कुणाला काही बोललो नाही, पण घरी येऊन एक फळी रंधून घेतली, तिला पांढरा रंग दिला आणि त्यावर काळ्या तैलरंगात तुझ्या फोनचं वेळापत्रक रंगवलं. कुठल्या घराने कुठल्या वेळी फोनला यायचं, ट्रंक कॉल कुणी कधी लावायचा, निरोप आला तर कसा द्यायचा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव. ती फळी मी तुझ्या व्हरांड्यात, बाकाच्या बरोबर वर, स्वतःच्या हाताने ठोकली.

तू लांब उभा राहून बघितलंस आणि म्हणालास, "झकास."

आणि पहिले काही दिवस खरंच झकास चाललं. कुणाचा खोळंबा नाही, कुणाची कुजबुज नाही. मग गावडेकाकांचा मालवणातला भाऊ आजारी पडला आणि त्याच्या घरून फोन आला तो नेमका तारामावशींच्या वेळेत. काकांना बोलवायला मीच गेलो आणि जाता जाता, मेल्याहून मेल्यासारखं व्हावं असं, म्हणालो, "पुढच्या वेळी त्यांना आपली वेळ कळवून ठेवा."

"माझ्या भावान मरताना तुझा टायमटेबल बघूक व्हया काय रे?"

हे मी सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. पुढचं मी सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. काकांनी नंतर तुझ्याकडे पाऊल टाकणं कमी केलं. मास्तर आपल्या वेळेला यायचे, उभ्याउभ्या बोलायचे, जायचे. तारामावशी घड्याळ बघत शिरायच्या आणि घड्याळ बघत बाहेर पडायच्या. बाक रिकामा पडला. कुठल्या शाळेत नवी प्रयोगशाळा होतेय, कुठल्या कॉलेजात सामान फुटलंय, हे तुला बाकावरून कळायचं. तेही थांबलं. तू एकदाच, सहज म्हणून, म्हणालास, "माध्या, सगळं कसं सरळ झालंय रे. इतकं सरळ की कुणाची कुणाशी गाठच पडत नाही." मी त्याचा अर्थ प्रशंसा असा घेतला.

आणि मग शेवटचं भांडण. घाटकोपरला तुझ्या भाचीच्या लग्नात एक अनोळखी गृहस्थ पंगतीत माझ्याशेजारी बसले, नाव विचारलं आणि एकदम उजळून म्हणाले, "म्हणजे ते टायमटेबलवाले तुम्हीच!" मी जिलबी पानात टाकली आणि थेट तुला गाठलं. माझ्या फजितीचा मक्ता माझ्याकडे, तो तू परस्पर दुसऱ्याला कसा दिलास, असा माझा सवाल होता. मांडवात, सगळ्यांसमोर.

"गावभर माझी अब्रू विकत फिरतोस?"

"विकत कुठे? फुकट देतोय. लोकांना आवडतोस तू."

मी न जेवता निघून आलो. नंतर तू गावडेकाकांकडून निरोप पाठवलास, "माध्याला सांगा, चहा गार होतोय." मी काकांना म्हणालो, "त्याला सांगा, माझ्या वेळापत्रकात बसत नाही." मला तेव्हा ते फार चमकदार वाटलं होतं. काकांनी निरोप पोचवला की गिळला, मला माहीत नाही. विचारायचं धैर्य होत नाही. तू त्या उत्तरावर हसला असशील असं मी स्वतःला सांगतो आणि माझाच त्यावर विश्वास बसत नाही. मी तसाच फुगून बसलो होतो आणि एका सकाळी दाढी करता करता तू आरशासमोरच कोसळलास.

तेरावं झाल्यावर कमलवहिनींनी मला बोलावलं. डोळे कोरडे, पदर खोचलेला. म्हणाल्या, "भाऊजी, अंधेरीच्या कॉलेजाची मोठी ऑर्डर घेऊन ठेवली होती ह्यांनी. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत फ्लास्क पोचायला हवेत. ही ऑर्डर निभावली तर ते लोक माझ्याकडून पुढेही घेतील आणि मी धंदा चालवीन. नाही निभावली तर फोन परत करून मिरजेला भावाकडे जायचं. भावजय चांगली आहे. पण मला जायचं नाही."

मी म्हणालो, "वहिनी, काळजी करू नका. मी व्यवस्थित लावतो सगळं."

त्या किंचित हसल्या. वर फळीकडे बघितलं. मी विचारलं, "हिचा एवढा त्रास झाला, तर वसंताने ही काढून का नाही टाकली?"

"मी दहादा म्हटलं काढा. ते म्हणायचे, राहू दे. ऑफिसात त्याला कुणी विचारत नाही. त्याच्या नावाची जगात ही एकच पाटी आहे."

तुला बढतीचं माहीत होतं, वश्या. मी कुणाला बोललो नव्हतो आणि तुला माहीत होतं. अर्थात माहीत असणारच, तेव्हा बाक चालू होता.

ती ऑर्डर निभावताना माझी जी वाट लागली ती तू बघायला हवी होतीस. फ्लास्क बनवून देणारे कुर्ल्याचे उस्मानभाई. त्यांना मी एक रीतसर पत्र धाडलं. विषय, संदर्भ, खाली सही, तारीख. उत्तर नाही. दुसरं धाडलं. उत्तर नाही. शेवटी स्वतः गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये ज्योतीसमोर बसून ते काचेची नळी फिरवत होते. मी पत्राबद्दल विचारलं तर म्हणाले, "वो चिठ्ठी? मला वाटलं सरकारी नोटीस आली, भट्टी बंद करा म्हणून. बीवीने पिठाच्या डब्यात लपवून ठेवली."

मी ऑर्डर समजावली. त्यांनी मान हलवली. "नाही साहेब. वसंतराव गेले, आता मी ते काम घेत नाही. ते इथे बसायचे, फ्लास्कचा गळा कसा हवा ते हाताने दाखवायचे. आपल्याला कागद समजत नाही, आणि तुम्हाला मी ओळखत नाही. उद्या कॉलेजवाला नको म्हणाला तर एवढी काच मी कुठे टाकू?"

मी उठलो. मिरजेची गाडी मला डोळ्यांसमोर दिसत होती. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी पाठून विचारलं, "वहिनींना सलाम सांगा. नाव काय सांगितलं तुमचं?"

"माधव."

नळी ज्योतीतून बाहेर आली. "मुलुंडचे माधवराव? फोनचा टायमटेबलवाले?"

मी मान खाली घालून हो म्हणालो. त्यांनी शेडमधल्या सगळ्यांना हाका मारल्या, "अरे इकडे या, बघा कोण आलंय!" मला खोक्यावर बसवलं, चहा मागवला. आणि मला, माझ्या तोंडावर, माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली. बढती, फळी, तैलरंग, गावडेकाकांचा भाऊ, सगळं. तुझे हातवारे करून. मध्येच थांबून मला म्हणाले, "तुम्ही सांगा ना, तुमचीच आहे." मी सांगू लागलो तर म्हणाले, "असं नाही. वसंतराव असं नाही सांगत. ते शेवट सांगतात."

"कसला शेवट?"

"मग एक दिवस तुम्हाला चूक कळते. तुम्ही कुणाला न विचारता स्टूल घेता, स्वतःच्या हाताने पाटी उतरवता. आणि वसंतराव व्हरांड्यात उभे राहून टाळ्या वाजवतात." मग चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणून तर नाव लक्षात राहिलं. आपलं नाव असलेली पाटी आपणच काढायची, हे सगळ्यांना जमत नाही. बसा, ऑर्डर सांगा."

मी ऑर्डर सांगितली. शेवटाबद्दल काही बोललो नाही. घाटकोपर, कुर्ला, अंधेरी, कुणाकुणाच्या ओसरीवर तू मला त्या स्टुलावर चढवलं असशील कोण जाणे. मांडवात जिलबी टाकून उठलो नसतो तर त्या गृहस्थांनीही मला तो शेवट ऐकवला असता.

उस्मानभाई म्हणाले, "आधी विचारून या, गळा लांब हवा की आखूड. तुमच्या गल्लीतले गावडे आहेत ना, त्यांचा भाचा त्याच कॉलेजच्या लॅबमध्ये आहे."

इतकी वर्षं मी गावडेकाकांच्या समोर राहतो आणि त्यांच्या भाच्याची खबर मला कुर्ल्यात लागली. परत येऊन काकांना विचारलं, "हे मला कधी बोलला नाहीत?"

"तू कधी बाकार बसलंस? तू आपलो पाटयेकडे बघित रवलंस."

गळा लांब हवा होता. फ्लास्क वेळेत अंधेरीला पोचले. कॉलेजाने पुढची ऑर्डर वहिनींच्या नावाने दिली आणि तिच्यासाठी वहिनी स्वतः कुर्ल्याला जाऊन आल्या. येताना उस्मानभाईंच्या बायकोकडून बिर्याणीचा मसाला आणला, तो त्यांनी तारामावशींना दिला, आणि आता त्या दोघींचं काहीतरी शिजतंय. मला अजून सांगितलेलं नाही. मिरजेला पत्र गेलं की येत नाही म्हणून.

काल संध्याकाळी मी स्टूल मागितलं. वहिनी ते धरून उभ्या राहिल्या. बाकावर गावडेकाका होते. फळी चांगली घट्ट बसली होती, मी ठोकलेलं दुसरं काही एवढं टिकलेलं नाही. ती निघाल्यावर काका म्हणाले, "खिळोय काड. कोणाच्या तरी डोक्याक लागात."

खिळाही काढला. गोष्टीत या ठिकाणी तू टाळ्या वाजवतोस. मी थोडा वेळ स्टुलावरच उभा राहिलो.